मेंदूंतील मीठ आणि पिवळा प्रकाश

स्वयंपाकाच्या मिठांतलें क्लोराइड आपल्या मेंदूंतहि आहे, आणि पेशीच्या आंत तें किती असावें यावर तिची शांति अवलंबून असते. गॅबा नांवाचें रसायन पेशीचीं क्लोराइड-द्वारें उघडतें. आंत क्लोराइड थोडें, बाहेर पुष्कळ, म्हणून तें आंत शिरतें व पेशी शमते.

खाऱ्या सरोवरांतील एका सूक्ष्मजीवांत हॅलोरोडॉप्सिन नांवाचें प्रथिन असतें. त्याचें जनुक मज्जापेशींत घालून ती प्रकाशानें गप्प करण्याची युक्ति २००७ सालीं प्रसिद्ध झाली. पिवळा प्रकाश पडतांच हा पंप क्लोराइड आंत ओढतो. युक्ति नामी खरी. पण दिवा मालविल्यावर काय? ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं २०१२ सालीं दाखविलें कीं, आंत क्लोराइड सांचल्यामुळें गॅबाचा शामक गुण कांहीं काळ उणावतो, प्रसंगीं उलटतोहि: द्वारें उघडतांच क्लोराइड बाहेर धांवतें आणि पेशी चेतते. छडीनें गप्प केलेला वर्ग मास्तरांची पाठ वळतांच कसा गजबजतो, हें मीं पुष्कळ वर्षें पाहिलें आहे!

आर्किरोडॉप्सिन हें दुसरें प्रथिन प्रकाशांत प्रोटॉन बाहेर फेकतें. तेंहि पेशीला गप्प करतें, पण क्लोराइडचा असा सांठा करीत नाहीं. म्हणून अपस्मारासारख्या विकाराचा अभ्यास करणाऱ्यानें पंप पारखून घ्यावा, आणि दिवा मालविल्यानंतरच्या क्षणांचीहि नोंद ठेवावी.