संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा दोष कोठे शोधावा?

ग्रामपंचायतीच्या अथवा तहसील कार्यालयाच्या दाराशी आलेल्या नागरिकास आजकाल वारंवार ऐकावे लागणारे वाक्य म्हणजे, "साइट बंद आहे, उद्या या." एके काळी "साहेब दौऱ्यावर आहेत" या वाक्यास जे स्थान होते, ते आता या वाक्यास प्राप्त झाले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. कित्येकदा ते खरेही असते. तथापि, पडद्यावर पान उमटले नाही एवढ्यावरून संकेतस्थळच बंद आहे असा निष्कर्ष काढणे, हे घरातला दिवा लागला नाही म्हणून वीजकेंद्र बंद पडले असे समजण्यासारखे आहे.

या चुकीची किंमत मोजावी लागते ती नागरिकास. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क प्रत्येक पात्र व्यक्तीस आहे. परंतु ही मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज प्राप्त झाल्याच्या दिनांकापासून. अर्ज दाखलच झाला नाही, तर मुदतीची मोजणी सुरू होत नाही, आणि मजुरी बुडवून आलेल्या माणसाचा तो दिवस कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख अशा वेळी हातची गेली, तर विद्यार्थ्याचे वर्षभराचे साहाय्य बुडण्याचा संभव असतो. यास्तव दोष नेमका कोठे आहे, हे ओळखण्याची साधी रीत कार्यालयातील व शाळेतील प्रत्येकास माहीत असणे अगत्याचे आहे.

आपण ब्राउझरमध्ये पत्ता टंकलिखित करतो तो नावाच्या स्वरूपात. संगणकास मात्र अंकांचा पत्ता लागतो. म्हणून प्रथम नावावरून अंक सांगणाऱ्या यंत्रणेकडे विचारणा होते. ही यंत्रणा डीएनएस या नावाने ओळखली जाते व १९८३ मध्ये तिची मांडणी झाली. अंक मिळाल्यावर दूरच्या सर्व्हरशी जोडणी होते, त्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासले जाते आणि मगच पानाचा मजकूर, चित्रे व पान चालविणाऱ्या आज्ञा तुकड्यातुकड्यांनी येऊ लागतात. याचा अर्थ असा की, दोष आपल्या संगणकात असेल, मधल्या वाटेत असेल अथवा पलीकडच्या सर्व्हरवर असेल.

यांतील कोणते ठिकाण, हे भ्रमणध्वनीच्या साहाय्याने दोन-तीन मिनिटांत समजते. तेच संकेतस्थळ भ्रमणध्वनीवर उघडून पाहावे. मात्र त्या वेळी तो कार्यालयाच्या वाय-फायला जोडलेला नसावा, स्वतःच्या डेटावर चालत असावा. ही खबरदारी घेतली नाही तर परीक्षाच फोल ठरते. तेथे पान उघडले, तर संकेतस्थळ चालू आहे हे निश्चित झाले. आता त्याच भ्रमणध्वनीच्या हॉटस्पॉटला कार्यालयाचा संगणक जोडावा. पान आले, तर दोष कार्यालयाच्या जोडणीत. तरीही आले नाही, तर तो संगणकातच आहे.

पडद्यावरील संदेश इंग्रजीत असतो म्हणून तो न वाचताच खिडकी बंद करण्याची सवय सार्वत्रिक आहे. वस्तुतः निम्मे निदान त्या संदेशातच असते. त्यात ४०४ किंवा ५०३ यांसारखा तीन अंकी क्रमांक असेल, तर पलीकडून उत्तर आले, म्हणजे आपला संगणक व वाट बहुधा ठीक आहे, असे समजावे. चारने सुरू होणारा क्रमांक मागणीत काही खोट असल्याचे सांगतो. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर पान नाही. जुना साठवून ठेवलेला पत्ता वापरल्यास असे होते, तेव्हा मुखपृष्ठावरून नव्याने वाट शोधावी. ४०३ म्हणजे प्रवेश नाकारला. पाचने सुरू होणारा क्रमांक मात्र सर्व्हरचा दोष दाखवितो. अखेरच्या दिवशी दिसणारा ५०३ हा बहुधा गर्दीचा परिणाम असतो, आणि अशा वेळी पान पुनःपुन्हा ताजे करणे म्हणजे त्या गर्दीत स्वतःची भर घालणे होय. शुल्क भरल्यानंतर असा संदेश आला, तर पुन्हा बटण दाबू नये. आधी भरण्याची स्थिती तपासावी; अन्यथा शुल्क दोनदा जाण्याचा धोका असतो.

एका तालुक्याच्या गावच्या शाळेत प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रकार येथे सांगण्यासारखा आहे. तेथील संगणकावर रोज सकाळी एकही संकेतस्थळ उघडत नसे व "जोडणी सुरक्षित नाही" अशा आशयाची सूचना येत असे. जोडणी देणाऱ्याकडे तक्रारी झाल्या, वायर बदलून झाली. अखेरीस कोणाचे तरी लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातील तारखेकडे गेले. ती कित्येक वर्षे मागे होती! प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर वैधतेचा आरंभ व अखेर नोंदलेली असते आणि संगणक ती स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ मागे असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्यास अद्याप सुरूच न झालेले वाटते. संगणक बंद असताना हे घड्याळ चालते ते आतील बटणाएवढ्या घटावर. त्यावर बहुधा सीआर २०३२ असे छापलेले असते, म्हणजे व्यास २० मिलिमीटर व जाडी ३.२ मिलिमीटर. तो अल्प किमतीचा घट बदलताच शाळेची अडचण दूर झाली.

यातून एक खूण हाती लागते. सर्वच संकेतस्थळांवर ही सूचना येत असेल, तर प्रथम तारीख व वेळ पाहावी. एकाच संकेतस्थळावर येत असेल, तर बहुधा त्यांचेच प्रमाणपत्र संपलेले असते, अथवा ते संकेतस्थळ बनावट असते. अशा वेळी "तरीही पुढे जा" या दुव्यावर टिचकी मारून नागरिकाचा आधार क्रमांक वा पासवर्ड भरणे सर्वथा अनुचित होय. यंत्र फार जुने असल्यानेही असे घडते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी बहुतांश जगभर विश्वसनीय मानले गेलेले एक मूळ प्रमाणपत्र मुदतीअंती संपले, आणि अद्ययावत न केलेल्या कित्येक यंत्रांवर चांगली चालू संकेतस्थळे त्या दिवसापासून नाकारली जाऊ लागली.

पान येते पण अर्धवट येते, बटण दाबले तरी काही होत नाही, हा प्रकार निराळा. ब्राउझर वेळ वाचविण्यासाठी पानाचे काही भाग स्वतःजवळ साठवून ठेवतो. संकेतस्थळ बदलले आणि साठा जुनाच राहिला, की नव्या-जुन्याचा मेळ बसत नाही. कंट्रोलची कळ दाबून एफ ५ दाबल्यास क्रोम, एज व फायरफॉक्स या ब्राउझरांत पान नव्याने मागविले जाते. तेवढ्याने भागले नाही, तर खाजगी खिडकी उघडून पाहावे. तेथे पान नीट चालले, तर साठा, कुकी किंवा ब्राउझरला जोडलेले एखादे विस्तारक दोषी ठरते. पावती वा दाखला उमटत नसेल, तर पत्त्याच्या पट्टीच्या कडेला पॉप-अप अडविल्याची लहानशी खूण आहे काय, ते पाहावे. नागरिकास परत पाठविण्याचे हे सर्वांत क्षुल्लक कारण असेल. "इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा" हा जुना सल्ला मात्र आता सोडून द्यावा. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबला व विंडोज १० च्या प्रचलित आवृत्त्यांवर इंटरनेट एक्सप्लोररही १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. क्रोमच्या २०२३ मधील ११० व्या आवृत्तीपासून विंडोज ७ वगळले गेले, म्हणून त्या यंत्रांवर ब्राउझर अद्ययावत होऊ शकत नाही.

मराठी मजकुराच्या जागी चौकटी किंवा डोक्यावर तिरक्या रेघा घेतलेली रोमन अक्षरे दिसली, तर तो लिपीचा प्रश्न असतो. चौकटी म्हणजे देवनागरी टंक उपलब्ध नाही. विचित्र रोमन अक्षरे म्हणजे युनिकोडचा मजकूर भलत्याच संकेताने वाचला गेला, अथवा पान युनिकोडपूर्व काळातील जुन्या टंकात केलेले आहे. यांवर आपल्या बाजूने फारसा उपाय नसतो.

एवढे करूनही दोष पलीकडेच आहे असे ठरले, तर मदतकक्षास नुसते "साइट चालत नाही" असे कळवू नये. दिनांक व वेळ, पानाचा संपूर्ण पत्ता, संदेशातील शब्द व क्रमांक जसेच्या तसे, ब्राउझरचे नाव व आवृत्ती, आणि दुसऱ्या जोडणीवर काय आढळले, हे लिहावे. पडद्याचे चित्र जोडावे. मात्र त्यावर अर्जदाराचा आधार क्रमांक किंवा बँकेचे खाते दिसत असेल, तर ते आधी झाकावे. या तक्रारीची एक प्रत अर्जदारास द्यावी, म्हणजे तो त्या दिवशी कार्यालयात आला होता, याचा काही पुरावा त्याच्याजवळ राहील.