काट्यावर न दिसणारी चरबी

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१६ या काळाच्या अहवालात देशातलं सर्वांत कमी प्रमाण सापडतं ते उस्मानाबाद-बीडच्या नोंदणीत. वयातला फरक वगळून दर लाख बायकांमागे सर्व प्रकारचे मिळून ४९.४ कर्करोग. अरुणाचलातल्या पापुमपारे जिल्ह्यात हाच आकडा २१९.८. मग बीडच्या बायकांना स्तनाच्या कर्करोगाची धास्ती कशाला, असं कुणी म्हटलं तर ते गैर नाही. पण या कमीपणामागे काय आहे, तेही पाहावं. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ४७ अभ्यासांची एकत्रित छाननी आली. प्रत्येक बाळंतपणामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ७ टक्क्यांनी, तर अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे ४.३ टक्क्यांनी घटतो, असं त्यात दिसलं. लवकर लग्न, विशीच्या आत पहिलं लेकरू, मग आणखी दोन-तीन: इथल्या बाईचं संरक्षण बऱ्याच अंशी याच खडतर संसारातून आलेलं असणार. ते आता ओसरतंय, आणि ओसरायलाच हवं. बालविवाहाला कर्करोगावरचा उपाय म्हणण्याइतकं कुणी निर्दय नसेल. तेव्हा ज्यावर आपला इलाज चालतो अशा कारणांकडे वळायचं, आणि त्यांत पोटावरची चरबी मोठी आहे.

पाळी गेली की अंडाशयांचं काम थांबतं, पण इस्ट्रोजेन बनायचं थांबत नाही. चरबीतलं अरोमाटेज हे विकर ते बनवत राहतं. चरबी जितकी जास्त, तितकं ते जास्त. शिवाय पोटाच्या चरबीमुळे इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, रक्तातलं इन्सुलिन चढं राहतं, पेशींच्या वाढीला चिथावणी मिळते आणि इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिनही घटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये लठ्ठपणाशी जोडलेल्या १३ कर्करोगांत पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोगही धरला. यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो: पाळी चालू असलेल्या वयात लठ्ठ बायकांना धोका उलट कमी दिसतो. खरं आहे, पण ते वजनाबद्दल. मुंबईच्या टाटा रुग्णालयात झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमरेचा घेर नितंबांच्या घेराला भिडू लागलेल्या बायकांत धोका वाढलेला आढळला, पाळी चालू असो वा गेलेली. म्हणजे चरबी किती यापेक्षा ती कुठे, हा प्रश्न मोलाचा.

दुसरा आक्षेप बीडचा स्वतःचा आहे. पहाटेपासून ऊस तोडून डोक्यावर मोळ्या वाहणारी बाई लठ्ठ होईलच कशी? पण किरकोळ अंगकाठी म्हणजे निरोगी शरीर, हा समज पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी केव्हाच मोडीत काढला. २००४ साली त्यांनी आपली आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना छापली: दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. अमेरिकेतल्या पाळी गेलेल्या, ‘योग्य’ वजनाच्या बायकांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यातही अंगात चरबी सर्वाधिक असलेल्यांना धोका जवळपास दुप्पट निघाला. आणि कोयता कुणाच्या हातात जन्मभर नसतो. त्यातच इथल्या ‘पिशवी’, म्हणजे गर्भाशय, काढलेल्या बायका. तीन वर्षांत बीडमध्ये अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारनेच २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं. पिशवीबरोबर ऐन तारुण्यात अंडाशयही गेले, तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. पण मधुमेह आणि हृदयविकार लवकर गाठतात. असला सौदा कुणी फायद्याचा म्हणू नये.

लठ्ठपणा हे अनेक कारणांतलं एक, त्यामुळे आजारी बाईला ‘खाऊन ओढवून घेतलंस’ म्हणणं अडाणीपणाचं आणि क्रूरही. काम एवढंच, की वजनकाट्यावर विसंबू नये. तिशीपुढच्यांसाठी आशाताई आजारांचा धोका पाहणारा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात कमरेचं माप आहेच: बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ९० पर्यंत एक, त्यापुढे दोन. टेप परकराच्या नाडीवरून नव्हे, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर धरायचा. त्याच फॉर्मवर स्तनात गाठ आहे का, हेही विचारलेलं असतं. या उत्तराला कमरेच्या मापाची अट नाही. गाठ हाताला लागली तर घेर ७० असो की १००, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्याच आठवड्यात गाठायचं.