डाग एमआरआयचा, निकाल काचपट्टीचा

‘प्रोस्टेटच्या कर्करोगात आता सुई टोचायला नको, एमआरआय आणि एआय सगळं सांगतील’ अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. पण चित्रातला काळसर डाग म्हणजे कर्करोग, हे त्या एआयला शिकवलं कोणी? बातमीत ज्याचं नावही नसतं त्या पॅथॉलॉजिस्टने. ऑपरेशनमध्ये काढलेली अख्खी ग्रंथी तो फॉर्मेलिनमध्ये ठेवतो, डावी-उजवी बाजू ओळखू यावी म्हणून बाहेरून वेगवेगळ्या शाईने रंगवतो, चकत्या करून मेणात बसवतो आणि काचपट्टीवर गाठीची हद्द आखतो. ही हद्द एमआरआयच्या चित्रावर नेमकी बसवायची, गोम आहे ती इथे. फॉर्मेलिनमध्ये आकसलेल्या ग्रंथीवरून शरीरातली गाठ शोधणं म्हणजे वाळलेला पापड पाहून तो ओला असताना कुठवर पसरला होता हे सांगणं. त्यात एमआरआयचा एक थर साधारण 3 मिलिमीटरचा, तर काचपट्टीवरचा काप 4 मायक्रॉनचा. एका थरात असे 750 काप मावतात आणि तपासला जातो बहुधा एकच! मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले अनंत माडभूषी यांच्या गटाने चित्र ताणून-वाकवून ही जुळणी करणारी गणिती रीत 2011 मध्ये मांडली. इतरांनी तर रुग्णाच्या एमआरआयवरून ग्रंथीचा साचाच छापला, म्हणजे सुरीही एमआरआयच्याच पातळीत फिरते.

एमआरआय तर केव्हाच कसोटीला उतरलाय, असं कोणी म्हणेल. उतरलाय, पण कोणत्या कामात? अख्खी ग्रंथी मिळते ती फक्त ऑपरेशन झालेल्यांची, बाकीच्यांचं काय? ब्रिटनच्या ‘प्रॉमिस’ चाचणीने (2017) 576 पुरुषांच्या ग्रंथीतून दर 5 मिलिमीटरवर नमुने घेऊन ही अडचण सोडवली. धोकादायक कर्करोगांपैकी एमआरआयने 93 टक्के पकडले, नेहमीच्या बायॉप्सीने 48. शोधण्यात एमआरआय सरस, यात वाद नाही. अवस्था ठरवताना मात्र प्रश्न वेगळा असतो: रोग ग्रंथीच्या बाहेर पडलाय का? 75 अभ्यासांच्या 2016 मधल्या एकत्रित विश्लेषणात, बाहेर पडलेल्या रोगापैकी जेमतेम 57 टक्केच एमआरआयला दिसला होता. वेशीबाहेर निसटलेल्या मोजक्या पेशी त्या जाड थरात हरवणारच.

हे सगळं मोठ्या शहरांचं, बीडजवळच्या कपिलधारच्या रुग्णाला त्याचं काय, हा आक्षेप रास्त वाटतो. पण एमआरआय एका गावी आणि ऑपरेशन दुसऱ्या गावी झालं, तर चित्र आणि काचपट्टी एका टेबलावर येतच नाहीत आणि रेडिओलॉजिस्टला आपली चूक कधी कळतच नाही. ग्रामीण भागात एवढी शिस्त जमणार नाही, हेही खरं नाही. बार्शीत 1987 पासून ग्रामीण कर्करोग-नोंदणी चालू आहे. एमआरआयची सीडी आणि मेणाचे ठोकळे एकाच नोंदणी क्रमांकाखाली ठेवायला नवं यंत्र लागत नाही.