बोल्ट सीलपासून बोटीपर्यंत

जानेवारी ते एप्रिल या द्राक्षाच्या हंगामात नाशिक जिल्ह्यातल्या पॅकहाउसांसमोर रात्री उशिरापर्यंत ट्रेलर उभे असतात. ट्रेलरवर चाळीस फुटी रीफर कंटेनर, त्याला जोडलेला जेनसेट, आत शून्य अंशाच्या आसपास राखलेली थंडी. ही पेटी कसारा घाट उतरून, भिवंडी-पनवेलमार्गे न्हावा शेवा बंदरात जाते आणि तिथून जहाजाने रॉटरडॅमला. वाटेत पॅकहाउस, ट्रान्सपोर्टर, चालक, कस्टम ब्रोकर, सीमाशुल्क विभाग, टर्मिनल, जहाज कंपनी असे कितीतरी हात तिला लागतात. तिच्यात द्राक्षांखेरीज दुसरं काही शिरलं नाही आणि तिच्यातलं काही बाहेर गेलं नाही, याची खात्री कशी पटवतात?

बंदरावर उघडून बघतात, असं आपल्याला वाटतं. बहुतेक पेट्यांच्या बाबतीत तसं होत नाही आणि होणं शक्यही नाही. न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराने २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख टीईयू माल हाताळला. टीईयू म्हणजे वीस फुटी पेटीचं माप. चाळीस फुटी पेटी दोन धरायची. त्यातून रीफर उघडला की थंडी जाते आणि एकदा तापमान चढलं की युरोपात पोचेपर्यंत द्राक्षांचे देठ वाळतात, मणी गळतात. अमेरिकेने २००७ मध्ये कायदाच केला होता, की २०१२ पासून आपल्याकडे येणारी प्रत्येक पेटी निघण्याच्या बंदरावरच स्कॅन झालेली हवी. मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली आणि ती अट कधी पूर्णपणे अमलात आली नाही. म्हणून जगाने दुसरी वाट धरली. पेटी उघडता येत नसेल तर तिचा ताबा कधी, कुठे, कुणाकडून कुणाकडे गेला याची नोंद कुठेही तुटू द्यायची नाही. सरकारचे नियम आणि उद्योगाच्या सवयी, दोन्ही याच एका गोष्टीभोवती बांधलेल्या आहेत.

सुरुवात होते रिकाम्या पेटीपासून. माल भरण्याआधी ती सात ठिकाणी तपासायची: समोरची भिंत, डावी बाजू, उजवी बाजू, तळ, छत, दारं आतून-बाहेरून, आणि खालची चौकट. भिंत ठोकून पाहायची, कारण खोटी भिंत वेगळा आवाज देते. टेप लावून आतली लांबी मोजायची. रीफर असेल तर यंत्राचा कप्पा आणि हवेच्या झडपाही बघायच्या. बिजागऱ्या आणि दाराच्या मुठीचे रिव्हेट यांच्यावर ताजा रंग दिसला, किंवा एखादाच रिव्हेट नवा दिसला, तर पेटी परत पाठवायची. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने उद्योगांना सोबत घेऊन ‘सी-टीपॅट’ हा कार्यक्रम सुरू केला. ही सात ठिकाणांची तपासणी मुख्यतः त्यातून जगभर पसरली. चांगल्या पॅकहाउसमध्ये या तपासणीचा छापील तक्ता असतो आणि प्रत्येक बाजूचा फोटो काढला जातो.

मग पेटीचा क्रमांक उतरवून घ्यायचा. चार अक्षरं आणि सात आकडे, पैकी शेवटचा आकडा चौकटीत. हा चौकटीतला आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून काढलेला असतो. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते. चिन्हांच्या किमतींना डावीकडून १, २, ४, ८ असं दुप्पट होत जाणाऱ्या संख्यांनी गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं. उरलेली बाकी म्हणजे तो आकडा. बाकी १० आली तर तिथे ० येतो. एखादं अक्षर चुकलं किंवा दोन आकडे उलटसुलट झाले, तर हिशेब सहसा जुळत नाही आणि संगणक तिथेच अडवतो.

माल भरून दारं लावली की सील. उजवं दार डाव्यावर बसतं, त्यामुळे सील उजव्या दाराच्या मुठीला. बोल्ट सीलचे दोन भाग असतात: करंगळीएवढी जाड पोलादी पिन आणि तिच्यावर ठोकून बसवायचा कोश. एकदा ‘खट्’ झालं की ते कटरशिवाय निघत नाही. सीलवर क्रमांक असतो, आणि आयएसओ १७७१२ या मानकानुसार उच्च सुरक्षेचं सील असल्याची ‘एच’ ही खूण. बसवल्यावर चार गोष्टी करायच्या. नीट बघायचं, क्रमांक कागदाशी ताडायचा, सील जोराने खाली ओढायचं, आणि पिळून पाहायचं; पेच पाडून ठेवलेलं बनावट सील पिळताना उलगडतं. या चार गोष्टींना अर्धं मिनिट लागतं. पेटी जिथे जिथे एका हातातून दुसऱ्या हातात जाते तिथे तिथे घेणाऱ्याने त्या पुन्हा करायच्या असतात, आणि नेमकं तेच सर्वांत जास्त वेळा राहून जातं.

आपल्याकडे २०१७ पर्यंत अनेक कारखान्यांमध्ये केंद्रीय अबकारी खात्याचा अधिकारी येऊन समोर माल भरून घेई आणि सील लावी. जीएसटी आल्यावर ती पद्धत संपली. आता परवानगी घेतलेला निर्यातदार स्वतः सील लावतो, मात्र ते आरएफआयडी चिप असलेलं ई-सील असावं लागतं. निर्यातदाराचा आयईसी (आयात-निर्यात संकेत) क्रमांक, शिपिंग बिल, सील लावल्याची तारीख-वेळ, कंटेनर आणि ट्रेलरचा क्रमांक ही माहिती त्या सीलशी जोडली जाते. बंदरावर रीडर चिप वाचतो. सील वाचता आलं नाही किंवा छेडलेलं निघालं, तर पेटी उघडून तपासायला जाते. मला हा बदल योग्य वाटतो. अधिकाऱ्याची वाट पाहण्यात दिवस जात, आणि त्याच्या सहीपेक्षा वेळेची नोंद जास्त बोलते. पण त्यामुळे जबाबदारी पूर्णपणे निर्यातदाराच्या गळ्यात आली, हे अनेकांच्या अजून ध्यानात आलेलं नाही. कपाटाबाहेर पडलेली कोरी सीलं मी पाहिली आहेत. ती कुलूपबंद असावीत आणि प्रत्येकाचा हिशेब वहीत असावा.

सील हे फक्त नंतर कुणी दार उघडलं का एवढंच सांगतं. भरतानाच नको ते भरलं असेल, तर सील त्याचीही इमानदारीने राखण करतं. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने दोन कंटेनरमधून जवळपास ३००० किलो हेरॉइन पकडलं. माल अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आला होता आणि कागदावर तो टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याचा दगड होता. अशा ठिकाणी भरणारा कोण आहे हाच प्रश्न उरतो. त्यासाठी जागतिक सीमाशुल्क संघटनेने २००५ मध्ये चौकट ठरवली आणि भारताने २०११ मध्ये ‘अधिकृत आर्थिक कार्यचालक’, म्हणजे एईओ योजना आणली. कंपनीने आपले हिशेब, आवाराचं कुंपण, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, कामगारांची पूर्वचौकशी, सीलांचा ताबा हे सगळं सीमाशुल्क खात्याला दाखवायचं. त्या बदल्यात तपासण्या कमी, बँक हमीत सवलत, माल लवकर मोकळा. निर्यातदार-आयातदारांसाठी तिच्या तीन पायऱ्या आहेत. द्राक्षांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मदतीला येते. अपेडा या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट या नोंदप्रणालीवर बाग नोंदलेली असल्याने खोक्यावरून थेट प्लॉटपर्यंत मागे जाता येतं. ही व्यवस्था कीटकनाशकांच्या अंशासाठी उभी राहिली, पण कुठल्या बागेतला माल कुठे भरला याची इतकी स्वच्छ नोंद सुरक्षेच्याही कामी येते.

पेटी रस्त्यावर असतानाच तिची माहिती पुढे गेलेली असते. युरोपियन संघाच्या नियमाप्रमाणे जहाजावर चढवण्याच्या २४ तास आधी तपशील पाठवावा लागतो, आणि २०२४ पासून समुद्री मालासाठी त्यात सहा आकडी मालसंकेत आणि खरेदीदार-विक्रेत्याचीही भर पडली. जुलै २०१६ पासून भरलेल्या पेटीचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय ती जहाजावर चढत नाही. संगणक हे सगळं एकमेकांशी ताडतो: या मालाला हे वजन शोभतं का, हा निर्यातदार पूर्वी याच मार्गाने पाठवत होता का. विसंगत वाटेल तीच पेटी एक्स-रे स्कॅनरखाली जाते, आणि स्कॅनमध्येही शंका राहिली तर उघडली जाते.

आता रस्ता. नाशिक जिल्ह्यातली दिंडोरी ते न्हावा शेवा हे अंतर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचं, आणि साऱ्या प्रवासात मला सर्वांत जास्त काळजी याच टप्प्याची वाटते. ई-सीलच्या चिपमध्ये बॅटरी नसते. रीडरसमोर आल्याशिवाय ते बोलत नाही. म्हणजे पॅकहाउसच्या फाटकापासून बंदराच्या फाटकापर्यंत पेटीचा सोबती एकटा चालक. त्याच्या गाडीला जीपीएस असलं तरी जीपीएस गाडी थांबली एवढंच सांगतं, का थांबली ते नाही. तो रात्रभर गाडी हाकतो, ढाब्यासमोर अंधारात ती लावतो आणि केबिनमध्ये झोपतो. डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून झोपही अर्धीच. मागच्या दारापाशी कोण आलं हे त्याला दिसत नाही. युरोपियन संघाने २०२२ मध्ये ट्रक उभे करण्याच्या जागांसाठी कांस्यपासून प्लॅटिनमपर्यंत चार पातळ्यांचे निकष ठरवले: कुंपण, उजेड, कॅमेरे, आणि त्यांच्याच बरोबरीने स्वच्छतागृह, अंघोळीची सोय, खाणं. चालकाची झोप आणि मालाची सुरक्षा त्यांनी एकाच कागदावर आणली, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे न्हावा शेव्याच्या दारात निर्यातीच्या गाड्यांसाठी मध्यवर्ती पार्किंग प्लाझा झाला, कागदपत्रांचं कामही तिथे होतं. पण घाटाच्या वर आणि खाली, जिथे चालकाला खरंच डोळा लागतो, तिथे अशा जागा हव्यात.

बंदराच्या आतली व्यवस्था तुलनेने पक्की आहे. १ जुलै २००४ पासून लागू झालेल्या आयएसपीएस संहितेनुसार प्रत्येक बंदराला आणि जहाजाला सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो, धोक्याच्या तीन पातळ्यांप्रमाणे आराखडा ठेवावा लागतो. जवाहरलाल नेहरू बंदरावर सीआयएसएफचा पहारा आहे. फाटकावर क्रमांक, सील आणि फॉर्म-१३ हा प्रवेशाचा कागद ताडून गेट-इन होतं. इथे धोका वेगळ्या बाजूने आला. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्यात मर्स्क कंपनीची जगभरची संगणकव्यवस्था कोसळली आणि न्हावा शेव्यातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं कामही अडलं. भिंत कुणी ओलांडली नव्हती, सील कुणी तोडलं नव्हतं. कुठली पेटी कुठे आहे हेच सांगता येईना. मर्स्कला सुमारे ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

ताब्याची नोंद तुटू न देण्याचं हेच तत्त्व माणसांच्या प्रवासात फार मोठी किंमत मोजून शिकलं गेलं. जून १९८५ मध्ये व्हँकुव्हरला एका प्रवाशाच्या नावाने बॅग चढली, ती पुढे टोरांटोत एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात गेली, प्रवासी मात्र चढलाच नाही. टोरांटोत त्या दिवशी एक्स-रे यंत्र बंद पडलं होतं. २३ जूनला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ विमान फुटलं आणि ३२९ माणसं गेली. त्यानंतर प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅग उतरवायची, हा नियम जगभर कडक झाला. विमान कधीकधी त्यासाठी तासभर खोळंबतं, तेव्हा या नियमामागे काय आहे ते आठवावं.

मुंबईच्या लोकलला यातलं काहीच लागू करता येत नाही. तिथे ना सामान सोपवलं जातं, ना नावाची नोंद असते, आणि लाखो माणसं रोज काही सेकंदांत चढतात-उतरतात. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर अवघ्या ११ मिनिटांत सात स्फोट झाले. तिथली सुरक्षा कॅमेरे, श्वानपथकं, आरपीएफची गस्त आणि बेवारस पिशवी पाहून आवाज देणारा सहप्रवासी, एवढ्यांवरच उभी आहे.

निर्यात करणाऱ्या बागायतदारांना आणि ट्रान्सपोर्टरांना माझी विनंती आहे. सील लावताना स्वतः समोर उभे राहा, क्रमांक फोटोवरून न घेता सीलवरून वाचा, ते ओढून आणि पिळून बघा. आणि भाडं ठरवताना चालकाच्या रात्रीच्या मुक्कामाचे, पहारा असलेल्या जागेचे पैसे वेगळे धरा.