गोलाकार आणि सर्पिल हालचाली : पिलाटीजच्या सरावात कण्याला पीळ देताना

रस्ता ओलांडताना मागे वळून पाहणे, रिक्षातून उतरताना पाय बाहेर काढणे, अंथरुणावर कूस बदलणे, ओट्यावरचे भांडे उचलून बाजूला ठेवणे, या सर्व कृतींत आपले शरीर सरळ रेषेत हलत नाही, ते वळते. साध्या चालण्यातही उजवा पाय पुढे पडतो तेव्हा डावा हात पुढे येतो आणि खांदे व कंबर परस्परविरुद्ध दिशांना किंचित फिरतात. व्यायाम मात्र बहुतेक वेळा सरळ रेषेतच केला जातो : पुढे वाकणे, मागे जाणे, वर उचलणे, खाली आणणे. पिलाटीज हा व्यायामप्रकार आता मोठ्या शहरांतील वर्गांपुरता राहिलेला नाही; मोबाईलच्या पडद्यावरून तो लहान गावांतील घरांतही पोहोचला आहे. त्याच्या सरावात गोलाकार व सर्पिल, म्हणजे पीळ देणाऱ्या, हालचालींचा समावेश वाढत आहे आणि ही बाब स्वागतार्ह आहे. परंतु कणा कोणत्या भागातून वळतो आणि वळताना तो ताठ आहे की वाकलेला, यावर त्या हालचालीचा लाभ किंवा अपाय अवलंबून असतो. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत हा भेद मणका शाबूत राहणे आणि दबणे यांमधील भेद ठरू शकतो. या पत्रकाचा मुख्य हेतू तोच भेद स्पष्ट करणे हा आहे.

कणा कोठे वळतो

कंबरेत पाच मणके असतात. त्यांचे मागील बाजूचे लहान सांधे अशा दिशेने जुळलेले असतात की पुढे-मागे वाकणे सुलभ होते, वळणे मात्र अडते. प्रत्येक सांध्यात जेमतेम एक ते तीन अंशांचे फिरणे शक्य असते; संपूर्ण कंबर मिळून एका बाजूस साधारण दहा अंशांच्या आसपासच वळते. छातीच्या मागील बारा मणक्यांत हेच वळणे तीस अंशांहून अधिक होते. मानेत ते याहून कितीतरी जास्त असून त्यातील जवळजवळ अर्धे केवळ पहिल्या दोन मणक्यांमध्ये घडते. खाली खुब्याचा सांधा उखळीत बसविलेल्या गोळ्यासारखा असल्याने तो सर्व दिशांना फिरू शकतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. ‘कंबरेतून वळा’ ही सूचना वर्गात सर्रास ऐकू येते, परंतु शरीररचनेच्या दृष्टीने ती योग्य नाही. वळायचे असते ते छातीच्या पिंजऱ्यातून आणि खुब्यातून. कंबरेने या दोहोंमध्ये स्थिर दुव्याचे काम करावयाचे असते. दिवसभर खुर्चीत बसून किंवा वाकून काम करणाऱ्यांच्या पाठीचा वरचा भाग व खुबे आखडलेले असतात. त्यामुळे वळण्याचा सारा भार ज्या भागाची वळण्याची क्षमता सर्वांत कमी, त्या कंबरेवर येऊन पडतो.

मणक्यांमधील चकतीची रचनाही येथे लक्षात घ्यावी. तिच्या बाहेरील वलयात तंतूंचे अनेक थर असतात. एका थरातील तंतू एका बाजूस तिरपे, तर पुढील थरातील विरुद्ध बाजूस तिरपे असतात. शरीर एका दिशेस वळले की यांतील सुमारे अर्ध्याच तंतूंवर ताण येतो; उरलेले सैल पडतात. त्यातच पुढे वाकलेले असल्यास चकतीची मागील बाजू आधीच ताणलेली असते. वाकणे, वळणे आणि भार उचलणे या तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या की चकतीला इजा होण्याची शक्यता वाढते. पाण्याची भरलेली बादली उचलून, पाय न हलविता, बाजूला ठेवण्याची सवय अनेकांच्या कंबरदुखीचे कारण ठरते ते याचमुळे. अशा वेळी बादली अंगाजवळ धरून उभे राहावे आणि मग पावले टाकून संपूर्ण शरीर वळवावे. जागतिक अंदाजांनुसार २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने ग्रस्त होते, हे पाहता ही सवय बदलणे कोणत्याही व्यायामाइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरीकडे, वळणे पूर्णपणे टाळणे हाही उपाय नव्हे. पोटाच्या एका बाजूचा बाहेरील तिरपा स्नायू आणि दुसऱ्या बाजूचा आतील तिरपा स्नायू एकत्र काम करतात. खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत तिरपे घेतलेल्या उपरण्यासारखी त्यांची मांडणी असते. नियंत्रित रीतीने वळल्याविना या स्नायूंना पुरेसा व्यायाम घडत नाही आणि ते दुर्बळ राहिले की अचानक वळावे लागल्यास कंबरेला आधार मिळत नाही.

पिलाटीज पद्धतीत या हालचालींचे स्थान

जोसेफ पिलाटीज यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते ब्रिटनमध्ये स्थानबद्ध होते. पुढे ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले व १९६७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. आपल्या पद्धतीला ते ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, असे म्हणत. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात चटईवरील ३४ व्यायाम दिलेले आहेत. त्यांतील बरेचसे पुढे वाकण्याचे असले तरी पायाने वर्तुळ काढणे, बसून कणा वळविणे, ‘करवत’ व ‘कॉर्कस्क्रू’ असे गोलाकार किंवा पीळ देणारे प्रकारही त्यांत आहेत. पुढे जुलिउ होर्वाथ या नर्तकाने वर्तुळे व सर्पिल गती यांवरच आधारलेली जायरोटॉनिक ही स्वतंत्र पद्धत विकसित केली आणि तिचा प्रभाव आजच्या अनेक पिलाटीज वर्गांवर दिसतो. आपल्या आखाड्यांतून मुद्गल फिरविणाऱ्यांना किंवा वक्रासनाचा सराव असणाऱ्यांना यातील मूळ कल्पना अपरिचित वाटणार नाही.

घरी करण्याजोगा सराव

पुढील हालचालींसाठी सतरंजी, एक घडी केलेली चादर आणि एक भक्कम खुर्ची पुरेशी आहे. जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्यावेत. श्वास रोखून धरू नये. सर्वसाधारण नियम असा की वळण्यापूर्वी श्वास घेत कणा उंच करावा आणि श्वास सोडत वळावे. हालचालीचा वेग असा असावा की ती कोणत्याही क्षणी मध्येच थांबविता येईल. झटका दिला तर हालचाल स्नायूंच्या नियंत्रणात राहत नाही आणि तिचा भार सांध्यांवर जातो.

प्रारंभ कुशीवर झोपून करावा, कारण या स्थितीत कण्यावर शरीराचा उभा भार नसतो. डाव्या कुशीवर झोपावे, डोक्याखाली चादरीची घडी घ्यावी, दोन्ही गुडघे दुमडून एकावर एक ठेवावेत आणि दोन्ही हात छातीसमोर लांब करून तळहात जुळवावेत. श्वास सोडत उजवा हात वर उचलून, पुस्तकाचे पान उलटावे तसा, मागे न्यावा. नजर हाताबरोबर जाऊ द्यावी. गुडघे एकमेकांवरून सरकता कामा नयेत. ते सरकू लागले, म्हणजेच छाती थांबली आणि कंबर वळू लागली, असे समजावे व तेथूनच परत यावे. हात जमिनीस टेकलाच पाहिजे असे मुळीच नाही. प्रत्येक बाजूस पाच ते सहा वेळा करणे पुरेसे आहे.

पायाने वर्तुळ काढण्याचा व्यायाम दिसतो सोपा, परंतु तोच सर्वाधिक चुकीच्या रीतीने केला जातो. उताणे झोपून एक गुडघा दुमडावा व तळपाय जमिनीवर ठेवावा. दुसरा पाय छताच्या दिशेने उचलावा; मांडीमागचे स्नायू आखडलेले असल्यास गुडघा थोडा वाकलेला ठेवावा. आता त्या पायाने हवेत वर्तुळ काढावे. मांडीचे हाड खुब्यात फिरत असताना ओटीपोट व कंबर निश्चल ठेवणे हा या व्यायामाचा उद्देश आहे. दोन्ही हात कमरेच्या पुढील हाडांवर ठेवल्यास तेथील हालचाल लगेच जाणवते. पहिले काही आठवडे वर्तुळ लहान वाटीएवढे असावे, ते ताटाएवढे करण्याची घाई करू नये. मोठे वर्तुळ पाहण्यास आकर्षक वाटते खरे, परंतु ते काढताना कमरेची हाडे डोलू लागली तर खुब्याऐवजी कंबरच फिरत राहते. एका दिशेस पाच, विरुद्ध दिशेस पाच, नंतर पाय बदलावा. खुब्यात केवळ ‘कट्’ असा आवाज येत असेल व वेदना नसेल तर सहसा काळजीचे कारण नसते. वर्तुळ लहान केले की तो बहुधा कमी होतो. जांघेत टोचल्यासारखी वेदना होत असल्यास मात्र हा व्यायाम थांबवावा.

कणा वळविण्याचा तिसरा व्यायाम मुळात जमिनीवर पाय लांब करून बसून केला जातो. ज्यांना तसे बसताना पाठीस पोक येते त्यांनी तो खुर्चीवरच करावा. खुर्चीच्या पुढील कडेजवळ ताठ बसावे, पावले जमिनीवर सपाट ठेवावीत, हात छातीवर घडी करून घ्यावेत. डोके कोणी वर उचलीत आहे अशा कल्पनेने उंच व्हावे आणि छाती एका बाजूस वळवावी. दोन्ही गुडघे एका रेषेत राहतात की नाही याकडे लक्ष द्यावे. एक गुडघा पुढे सरकल्यास ओटीपोट वळले असे समजावे. हाताने खुर्चीची पाठ पकडून शरीर ओढून घेऊ नये. स्नायूंच्या स्वतःच्या बळाने जेवढे वळता येते, तेवढीच आपली आजची मर्यादा होय.

ज्येष्ठ व्यक्तींनी भिंतीजवळ उभे राहून जागच्या जागी वळण्याचाही सराव करावा. पाय रोवून शरीर फिरविण्याऐवजी लहान लहान पावले उचलीत पूर्ण वर्तुळ करावे, आधी एका व नंतर दुसऱ्या दिशेने. वळताना तोल गेल्यास माणूस अनेकदा बाजूवर पडतो आणि तो आघात थेट खुब्याच्या हाडावर बसतो.

हा सराव आठवड्यातून दोन ते तीन दिवस, पंधरा मिनिटांपर्यंत पुरेसा आहे. मात्र तो चालण्यासारख्या व्यायामाची जागा घेऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची शारीरिक हालचाल करावी व किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत.

कोणी कोणती हालचाल टाळावी

ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा विकार, बहुधा कोणतीही वेदना न होता वाढतो. मणका दबला तरी अनेकांना ते कळत नाही. फक्त उंची कमी होते आणि पाठीस बाक येतो. १९८४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी हा विकार असलेल्या रजोनिवृत्त स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. केवळ पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ९ स्त्रियांपैकी ८ जणींमध्ये मणके नव्याने दबल्याचे आढळले. केवळ पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या २५ पैकी ४ जणींमध्येच तसे आढळले. ही संख्या लहान आहे आणि ती पाहणी वळण्याच्या हालचालींविषयी नव्हती. तरीही पुढे वाकल्याने ठिसूळ मणक्याच्या पुढील भागावर येणारा दाब आणि त्यात पिळाची पडणारी भर ध्यानात घेता, वाकून वळण्याचे व्यायाम अशा व्यक्तींनी करू नयेत, हेच सयुक्तिक होय. ‘करवत’ हा प्रकार, ज्यात बसून वळत विरुद्ध पायाच्या करंगळीकडे वाकतात, यात प्रथम येतो. ताठ बसून, सावकाश आणि मर्यादेत वळणे त्यांच्यासाठी सहसा वर्ज्य नसते, परंतु त्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे.

तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असल्यास, किरकोळ पडण्याने पूर्वी हाड मोडले असल्यास, मासिक पाळी पंचेचाळीसाव्या वर्षापूर्वी थांबली असल्यास किंवा दीर्घकाळ स्टिरॉईडची औषधे घेतली असल्यास, पिलाटीजचा वर्ग सुरू करण्यापूर्वी हाडांची घनता मोजण्याच्या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे आणि ही माहिती प्रशिक्षकालाही द्यावी.

‘कॉर्कस्क्रू’ या प्रकारात दोन्ही पाय एकत्र फिरवीत पूर्ण स्वरूपात शरीराचा भार खांद्यांवर घेतला जातो. मानेचे विकार, नियंत्रणात नसलेला उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी तो करू नये. खुब्याचा कृत्रिम सांधा बसविलेल्यांनी पाय शरीराची मध्यरेषा ओलांडून नेऊ नये, जोपर्यंत शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर स्पष्ट अनुमती देत नाहीत. पायाच्या वर्तुळात नेमके तेच घडते, हे पुष्कळदा लक्षात येत नाही. गर्भवतींनी पोटावर दाब येईल असे पीळ टाळावेत आणि पुढील महिन्यांत दीर्घकाळ उताणे झोपून व्यायाम करू नये. सिझेरियन किंवा पोटाची अन्य शस्त्रक्रिया झालेल्यांनीही डॉक्टरांच्या अनुमतीनंतरच प्रारंभ करावा.

सरावानंतर दुसऱ्या दिवशी स्नायूंत जाणवणारा सौम्य ठणका स्वाभाविक आहे. परंतु वेदना कंबरेतून पायात उतरत असेल, पायास मुंग्या येत असतील किंवा पाठीत एकाच ठिकाणी तीव्र कळ उठली असेल, तर व्यायाम थांबवून जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात अथवा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. पाय अचानक दुर्बळ होणे, मांड्यांच्या आतील व गुदद्वाराभोवतीच्या भागात बधिरता येणे, लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरील नियंत्रण सुटणे, ही मज्जातंतूंवर गंभीर दाब आल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सकाळ होण्याची वाट न पाहता, मालीश न करविता, रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. वाहनाची सोय नसल्यास ११२ या आपत्कालीन क्रमांकावर संपर्क साधावा.