फेस आणि निर्धोकपणा

सल्फेट म्हटले की बाजव्याच्या रहिवाशांना शेजारच्या कारखान्यातील अमोनियम सल्फेट हे खत आठवते. शांपूतील सोडियम लॉरिल सल्फेट निराळे. ते विपुल फेस देते, परंतु मळाबरोबर त्वचेचे तेलही नेते.

सल्फेटावाचून येणारा फेस आपल्या आज्यांना ठाऊक होता. रिठा-शिकेकाईतील सॅपोनिनचा तो गुण. मात्र तो काढा एक-दोन दिवसांत नासतो.

आता नारळतेल व ग्लुकोज यांपासून केलेले ग्लुकोसाइड वापरतात. त्याचे द्रावण क्षारधर्मी असल्याने सायट्रिक आम्ल घालून पीएच ५.५ च्या आसपास आणावा लागतो. हे केवळ त्वचेसाठी नव्हे. सोडियम बेंझोएटसारखे परिरक्षक आम्लधर्मी द्रावणातच जंतूंना आवरते. घरगुती शांपूत ही पायरी गाळल्यास बाटलीत जंतू वाढू शकतात, आणि फेस मात्र पूर्ववत येत राहतो. तेव्हा फेसावरून शांपूची पारख करू नये.