धोतरांचे गाव आणि फुटबॉलचा डाव

"मामा, उठा! तुमच्या पुणेकरांचा क्लब बुडतोय!"

२०१२ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. मध्यरात्र उलटून गेलेली. भाचा सुटीला आमच्याकडे आलेला आणि इंग्लंडातल्या फुटबॉलच्या नादाने टीव्हीपुढे जागत बसलेला. डोळे चोळत बाहेर येऊन पाहतो, तर पडद्यावर धो धो पाऊस, भिजलेले मैदान आणि मैदानात चक्क एक कोंबडी! खरीखुरी, जिवंत, अंगावर क्लबाचे निशाण गुंडाळलेली.

तिचा अर्थ भाच्याने मला समजावून सांगितला. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २०१० च्या नोव्हेंबरात पुण्याच्या वेंकीज मंडळींनी विकत घेतला होता. त्यांचा मूळ धंदा कोंबड्यांचा, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. चिडलेल्या प्रेक्षकांनी मालकांना धाडलेला तो निरोप होता. त्या रात्री ब्लॅकबर्न विगनकडून एका गोलाने हरला आणि वरच्या वर्गातून खाली घसरला.

इंग्लंडातली रीत मोठी कठोर आहे. सर्वांत वरच्या वर्गात वीस क्लब. हंगाम संपला की तळाचे तीन खाली आणि खालच्या वर्गातले तीन वर. आपल्या शाळेत नापास झालेला मुलगा निदान त्याच इयत्तेत बसतो. तिथे त्याला मागच्या इयत्तेत पाठवतात, आणि टेलिव्हिजनकडून येणारा पैसाही बराचसा आटतो.

भाचा झोपला, मला मात्र झोप येईना. ब्लॅकबर्न हे नाव मला फुटबॉलमुळे नव्हे, धोतरांमुळे परिचयाचे होते. लँकेशायरमधल्या या गिरणगावातले माग एके काळी मुख्यतः हिंदुस्थानासाठी चालत. आपले आजे-पणजे जी विलायती धोतरे नेसत, त्यांतली कितीतरी याच गावात विणलेली. त्या विणकरांच्या पोरांनी १८८३ साली एक पराक्रम केला. ब्लॅकबर्न ऑलिंपिक या त्यांच्या संघाने लंडनला जाऊन, ईटनच्या बड्या शाळेत शिकलेल्या साहेबांच्या संघाला हरवून इंग्लंडचा चषक गावी आणला. कामकरी मंडळींच्या संघाने तो जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

पण नशिबाची गंमत पाहा. १८८८ साली बारा क्लबांची लीग निघाली, तेव्हा गावातून घेतला गेला तो रोव्हर्स. ऑलिंपिक बाहेर राहिला आणि पुढच्याच वर्षी बंद पडला. रोव्हर्सने मात्र १९१२ आणि १९१४ साली लीग जिंकली. त्या काळी गिरण्यांची धुराडी जोरात होती.

महायुद्धानंतर धुराडी विझू लागली. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानी कापड आणि वर आपली स्वदेशीची चळवळ. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेन गावी जाऊन गिरणीकामगारांना भेटले. बहिष्काराने ज्यांची चूल थंडावली होती, त्याच बायकांनी पंचा नेसलेल्या या पाहुण्याला घोळक्यात घेऊन हसतमुखाने काढलेला फोटो प्रसिद्धच आहे. पाच वर्षांनी, १९३६ साली, रोव्हर्स पहिल्यांदाच खाली घसरला. गिरण्यांमुळेच घसरला असे मी म्हणत नाही. पण रिकाम्या खिशाचा माणूस तिकीट तरी कुठून काढणार?

शेजारच्या प्रेस्टनचे उदाहरण तर याहून बोलके. लीगच्या पहिल्या हंगामात बावीसपैकी एकही सामना न हरणारा हा क्लब. पुढे त्यांचा टॉम फिनी हा खेळाडू जगात नावाजला. शिकलेला धंदा नळजोडणीचा. तो त्याने खेळता खेळता चालवला आणि सारा जन्म एका प्रेस्टनसाठीच खेळला. मोठ्या क्लबाकडे जाऊन तरी काय मिळणार होते? खेळाडूच्या पगाराला लीगच्या नियमानेच मर्यादा होती, अखेरीस आठवड्याला वीस पौंड. १९६० साली फिनी निवृत्त झाला, १९६१ च्या जानेवारीत ती मर्यादा उठली आणि त्याच वर्षी प्रेस्टन खाली गेला. त्यानंतर तो वरच्या वर्गात परतलेला नाही. पैसेवाल्या शहरांना चांगली पोरे उचलून नेण्याची वाट मोकळी झाली होती.

रोव्हर्सला मधल्या काळात तिसरा वर्गही पाहावा लागला. मग १९९१ साली जॅक वॉकर नावाच्या पोलादाच्या व्यापाऱ्याने क्लब हाती घेतला. तो ब्लॅकबर्नचाच, पोरवयापासून रोव्हर्सचा भक्त. त्याने पैसा ओतला, ॲलन शिअररसारखा गोल करणारा आणला, आणि १९९५ साली एक्क्याऐंशी वर्षांनी लीग गावात आली. तीही कशी! शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न लिव्हरपूलला हरला. पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला लंडनमध्ये बरोबरीवर थांबावे लागले, आणि एका गुणाने बाजी लागली. चारच वर्षांत क्लब पुन्हा खाली. २००० साली वॉकर वारला. पुढच्याच वर्षी क्लब वर चढला, हे पाहायला तो नव्हता.

२०१७ साली रोव्हर्स पुन्हा तिसऱ्या वर्गात गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबावर अशी पाळी येण्याची ती पहिलीच वेळ. वर्षभरात तो दुसऱ्या वर्गात परतला.

तेव्हा भाच्याचा फोन आला. "मामा, पुणेकर पास!"

"मैदान भरलं होतं का रे?" मी विचारले.

"ते तिसऱ्या वर्गातही यायचे," तो म्हणाला. "म्हातारे जास्त."

मला डार्वेनच्या त्या फोटोतल्या बायका आठवल्या. त्यांचीच नातवंडे असतील.